खुर्शिदाभाभीचं गप्प राहणं

एसटीत ती कायम दाराजवळची जागा धरायची.

घराला कुलूप लावलं की ओढून बघायची. गल्लीच्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा ओढून बघायची.

फोन वाजला की आधी "काय झालं?" म्हणायची. मग "हॅलो".

कुणाचाही हात हातात आला की अंगठ्याखालचं हाड चाचपायची. माझं नाव कळायच्या आधी तिला माझ्या बांगडीचं माप कळलं होतं.

चहा बशीत ओतायची आणि बोलता बोलता विसरून जायची.

नवऱ्याचा टेम्पो घाटात असेल त्या दिवशी भात लावायची नाही. का, ते तिलाही सांगता यायचं नाही.

हसताना पदर तोंडाला लावायची. हसणं तरी बाहेर यायचंच.

हे सगळं मी भूतकाळात लिहिते आहे. अजून हाताला त्याची सवय नाही.

खुर्शिदा मणियार भोरची. बांगड्या भरायचं काम तिच्या आईचं, सासूचं आणि मग तिचं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन ती एसटीने नसरापूर, विंझर, वेल्हे अशी फिरायची. बाया तिला भाभी म्हणत. मीही तेच म्हणायला लागले.

तिला भीतीचा आजार होता. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता आपण मरणार असं वाटणं. कितीतरी वेळा छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदय ठणठणीत. शेवटी एका डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, की हे खोटं नाही, पण हे हृदयाचं नाही. गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटायला लागलं. तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, "माझ्या आईला हे होतं. मला झालं. आता माझ्या पोरीला हुणार का?"

डॉक्टरांनी तिला वेल्ह्याला आमच्याकडे पाठवलं.

आमच्याकडे म्हणजे एका छोट्या संस्थेकडे. मी अश्विनी, विंझरची. मराठीत एम.ए. करून घरी बसले होते, तेव्हा तिथे काम मिळालं. स्वतःला असा त्रास असलेल्या आईबापांचा वर्ग भरायचा. शिकवायला पुण्याहून शेफाली मॅडम यायच्या. मी सतरंज्या घालायचे, लोकांना फोन करायचे, मॅडमचं बोलणं कुणाला कळलं नाही तर सोपं करून सांगायचे.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "ज्या घरात आईला किंवा वडिलांना हा त्रास आहे, तिथल्या मुलांना तो होण्याची शक्यता जास्त. शक्यता, बरं का. होतोच असं नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं मूल आपल्याकडे बघून शिकतं. रक्ताचं आपल्या हातात नाही. बघण्याचं आहे."

राजगडाच्या पायथ्याच्या पालीच्या रतनबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांची सून गेलेली, मुलाला हा त्रास, नातू त्यांच्या जिवावर. त्यांनी विचारलं, "म्हंजी पोलिओच्या डोसावानी? व्हायच्या आदीच?"

"तसंच समजा आजी. फक्त हा डोस नातवाला नाही, तुम्हाला घ्यायचाय."

"घ्या! आता या वयात मला डोस. आन् त्यो गावभर उंडारणार."

सगळे हसले. खुर्शिदाभाभी हसली नाही.

"मॅडम, शाहीनला हुणार न्हाई ना?"

"ते कुणीच सांगू शकत नाही, ताई."

"मग कमी तरी हुईल?"

"हो. कमी होऊ शकतं."

"बास," ती म्हणाली. "कमी बी चालंल."

तिला एवढंच हवं होतं. नंतरही तिने कधी याहून जास्त मागितलं नाही.

शाहीन तेव्हा चौथीत होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची. शाळेत हजेरीला नाव पुकारलं की हात वर व्हायचा, आवाज निघायचा नाही. मैत्रिणीच्या घरी जायची नाही. प्रार्थना संपेपर्यंत आई फाटकाशी दिसली पाहिजे. आणि तिचे हात मोकळे असायचे. मणियारणीची मुलगी, पण हातात एक बांगडी नाही. बाजारात बाया टोचायच्या.

"काय गं भाभी, जगाच्या पोरींला भरतीस आन् स्वताची भुंडी?"

"आमच्यात गिऱ्हाईक आदी, पोरगी मागनं," ती म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची.

खरं कारण तिने मला एसटीत सांगितलं. शाहीन लहान असताना तिच्या मुठीत एक बांगडी फुटली होती. "रक्त थेंबभर," ती म्हणाली. "आन् माझी किंकाळी गल्लीभर. शेजारी धावले. पोर रक्ताला भ्याली न्हाई गं. मला भ्याली." त्यानंतर काचेची बांगडी जवळ आणली की शाहीन हात पाठीमागे न्यायची. दुकान सगळं काचेचं. ती भिंतीला धरून आत जायची.

वर्गात पहिलं काम मिळालं ते सोपं होतं. मुलाने दुकानात जाऊन स्वतः एक वस्तू मागायची. आईने मागे उभं राहायचं. बास. वेल्ह्याच्या बाजारपेठेत, वर्ग संपल्यावर लगेच. आईबरोबर आलेल्या शाहीनला बिस्किटाचा पुडा घ्यायचा होता. मॅडम आणि मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो.

शाहीन दुकानाशी गेली. दुकानदाराने मान वर केली. शाहीन गप्प. आणि मागून भाभीचं बोलणं सुरू झालं.

"काल फुफीने काय आणलं होतं गं तुला? तो फ्रॉक? पिवळा व्हता का? आन् मांजरीला किती पिल्लं झाली, सांगितलंस का अश्विनीताईला..."

शाहीन वळून आईलाच पिल्लांबद्दल सांगायला लागली. तोवर भाभीचा हात पुढे गेला, पैसे गेले, पुडा आला. दोघी रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या. भाभी खूश होती.

"झालं की!"

"कुणी मागितला?" मॅडमनी विचारलं.

भाभी पुड्याकडे बघत राहिली. तो तिच्याच हातात होता.

"तुम्ही बोलत का होतात, ताई?"

"दुखू नये म्हणून."

मॅडमना कळलं नाही. मग तिथेच, रस्त्याच्या कडेला, तिने माझा हात ओढला आणि दाखवलं. बांगडी हाडाशी आली की बाई हात ताठ करते. ताठ हातात बांगडी जात नाही, फुटते. मग विचारायचं, माहेर कुठलं? भाऊ किती? कोण येणार न्यायला? बाई माहेरात गेली की हात सैल सुटतो. त्या क्षणाला बांगडी चढवायची. "बाईला कळत बी न्हाई कदी गेली ते," ती अभिमानाने म्हणाली. "माझ्या आईचा हात असा व्हता, की बाया झोपायच्या."

मॅडमनी शाहीनकडे बघितलं.

"शाहीनलाही कळत नाही," त्या मग म्हणाल्या. "तिला भीती वाटली, तुम्ही तिला मांजरीकडे नेलं, आणि काम होऊन गेलं. तिला कळलंच नाही की ते तिला जमलं असतं. बांगडी चढवायचीय ती तुम्ही नाही, तिने. आणि बघत बघत."

भाभीने माझा हात सोडला. भोरची गाडी लागली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "म्हंजी आतापर्यंत म्या तिला गुंगीच देत आले."

मग ती गप्प राहायला शिकली. हे लिहायला एक ओळ लागली. तिला पुरा हिवाळा लागला. बोलणं हा तिचा धंदा होता आणि तिचा आधारही. शाहीन कुठे अडली की तिच्या ओठांवर शब्द गोळा व्हायचे. मग तिने लवंग दाढेखाली धरायची युक्ती काढली. शाहीन दुकानाशी उभी राहिली की भाभी लवंग तोंडात टाकायची. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. बघणाऱ्याला वाटायचं, ही रडते आहे. कधी कधी ती खरंच रडत असायची.

रतनबाई म्हणायच्या, "भाभी, तुझ्या पोरीपायी लवंगा म्हाग व्हायच्या."

"तुमी नातवाला झाडावर चढू दिलं का?"

"दिलं की. म्या घरात बसून डोळं मिटलं."

"मग त्येला डोस म्हणत न्हाईत, आजी. डोळं उघडं ठिवायचं असतंय."

"ही बया आता मॅडम झाली," रतनबाई सगळ्यांना म्हणाल्या.

एक दिवस शाहीनने दुकानात तोंड उघडलं. आवाज इतका बारीक, की दुकानदाराने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. पुडा चुकीचा मिळाला. तिने तोही बदलून मागितला. भाभी मागे लवंग चावत उभी होती. तिने पोरीला उचललं नाही, पापे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "कसं वाटलं?"

"पोटात गोळा आला," शाहीन म्हणाली. "मग गेला."

पुढे फाटकाशी उभं राहणं कमी झालं. आधी फाटक, मग वडाचं झाड, मग कोपरा, मग घर. शाळेत "हजर" ऐकू आलं त्या दिवशी बाईंनी भाभीला फोन केला. भाभी म्हणाली, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही झालं. शाहीन बोलली." 

सगळं सरळ झालं नाही. एकदा शाहीनला मैत्रिणीकडून यायला उशीर झाला. जलीलभाई, म्हणजे भाभीचा नवरा, महाडकडे टेम्पो घेऊन गेलेले. भाभीने त्यांना फोन केले, मला केले, शाळेला केले. अनवाणी एसटी स्टँडपर्यंत धावली. शाहीन घरी आली तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. वर्गात हे सांगताना ती म्हणाली, "सगळं पाण्यात गेलं मॅडम. पोरीनं बघितलं."

"पुढे काय बघितलं?"

"पुढं? म्या तिथंच बसले. शिकवलं तसा श्वास सोडत ऱ्हायले. मग कमी झालं. मग उठून भाकऱ्या केल्या."

"तेही बघितलं ना तिने?"

भाभीने विचार केला. "व्हय. परात तिनंच आणून दिली."

"मग पाण्यात नाही गेलं," मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी परतताना आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. विंझरला मी उतरणार होते. खिडकीतून राजगड दिसत होता. भाभीने सांगितलं, ती लहानपणी आईबरोबर बांगड्या विकायला पालीला यायची. आई पेटी मांडायची आणि ती गडाकडे बघत बसायची. शाळेची सहल गडावर गेली तेव्हा सगळा वर्ग गेला. तिच्या आईने तिला घरी ठेवून घेतलं. का, तर वाऱ्याने पोर उडून जाईल.

"तू गेलीयस ना वर?"

"पुष्कळदा."

"काय दिसतं?"

मी सांगितलं. तोरणा दिसतो. धरणाचं पाणी दिसतं. खाली गावं इतकी लहान दिसतात, की घरं मोजता येत नाहीत.

"भोर दिसतं?"

"कळत नाही नीट."

"मला वाटायचं, वर गेलं की आमचं घर दिसंल," ती म्हणाली. "आन् अंगणात आई दिसंल, माझी वाट बघत. म्हंजी म्या वर, आन् ती खाली. उलटं." ती हसली. पदर तोंडाला गेला नाही. "लई वाटायचं गं जावं. अजून वाटतं. गुडघे न्हाईत आता. पर शाहीन जाईल. तिनं मला न विचारता जावं, असं वाटतं. विचारलं तर म्या न्हाईच म्हणणार."

विंझर आलं. मी उतरले. गाडी सुटली तरी ती खिडकीतून गडाकडेच बघत होती. मला हात करायचं ती विसरली.

बांगड्यांचं शाहीनने स्वतः काढलं. शेवटची पायरी मुलानेच निवडायची, असं मॅडमनी सांगितलं होतं. भाभीला वाटलं होतं, ती फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, नसरापूरला राहायला जाणं निवडेल. शाहीन म्हणाली, "बांगड्या भरायच्या. अम्मीकडून."

बकरी ईदच्या आधी एका दुपारी मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा दुकानाचं दार लोटलेलं होतं. भाभीने सगळ्यांत लहान मापाच्या हिरव्या बांगड्या काढून रुमालावर मांडल्या होत्या. शाहीन समोर मांडी घालून बसली होती. तिचा डावा हात आईच्या हातात होता.   

"बोलू नको अम्मी," शाहीन म्हणाली.

"न्हाई बोलत."

"मी बघणार आहे."

"बघ."

पहिली बांगडी हाडाशी आली आणि फुटली.

आमच्याकडे बाया बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. शाहीन स्पष्ट म्हणाली, "फुटली." तिने तुकड्यांकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे. आई ओरडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो तिने सावरून धरला होता. दाढेखाली लवंग होती की नाही, मला माहीत नाही. तिने तुकडे उचलून कागदात ठेवले. मुलीच्या हाताला लागलं नव्हतं.

शाहीनने किती वेळ घेतला, ते मी मोजलं नाही. बाहेरून एक बाई "भाभी, हाईस का?" म्हणून गेली. 

"अजून एक," शाहीन म्हणाली. आणि तिने स्वतःच हात सैल सोडला.

दुसरी गेली. तिसरी गेली. डावा हात भरला. तिने तो हलवला. आवाज झाला. ती दचकली, आणि मग तिने पुन्हा हलवला. आमच्या गावात भरून झालं की बाया मणियारणीला नमस्कार करतात. शाहीनने आईच्या गुडघ्याला हात लावला, अगदी गिऱ्हाइकासारखा. भाभी हसली नाही, रडली नाही. एकदा सुटलं तर आवरणार नाही, असं तिला वाटलं असावं.

तिने उजवा हात धरायला हात पुढे केला. शाहीनने मान हलवली.

"आता नको. दमले. हा मी सांगेन तेव्हा."

"ईदला?"

"मी सांगेन तेव्हा."

"बरं," भाभी म्हणाली.

ईद आली. एका हाताने वाजणारी पोर गल्लीभर फिरली. बाया हसल्या, "भाभी, माल संपला का?" भाभी म्हणायची, "मालकिणीचा हुकूम यायचाय." माझ्याजवळ मात्र तिने विचारलं होतं, "आठवण करू का गं तिला? नुसती आठवण?" मी म्हटलं, मॅडमना विचार. ती म्हणाली, "नको. मला ठाऊकाय मॅडम काय म्हणतील." तिने उजव्या हाताच्या बांगड्या दोऱ्यात बांधून पेटीच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, हाताशी असाव्यात म्हणून. आणि ती थांबली. एखाद्या मुलीच्या दोन शब्दांसाठी कुणी इतकं आतुर होऊन थांबलेलं मी पाहिलेलं नाही. शाहीन दुकानात आली की भाभी काम थांबवून तिच्याकडे बघायची. शाहीन पाणी मागायची, पेन्सिल मागायची. भाभी द्यायची आणि गप्प राहायची.

श्रावणात धंद्याची गर्दी. नागपंचमीच्या आधी ती वेल्ह्याला आली तेव्हा अंग गरम होतं. "ताप हाय थोडा," म्हणाली. बायांची रांग होती. ती भरत राहिली. तो डेंग्यू होता. भोरच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं. जलीलभाईंचा फोन आला तेव्हा मी वर्गाच्या सतरंज्या झटकत होते. त्यांनी फक्त नाव घेतलं, तिचं. मी "काय झालं?" म्हटलं. माझ्याच तोंडून तिचा प्रश्न बाहेर आला. भाभी गेली होती.

अजूनही भोरच्या गाडीत चढले की मी दाराजवळच्या जागेकडे आधी बघते. कुणीतरी बसलेलं असतं. रतनबाई वर्गात आल्या की तिच्या जागेवर पिशवी ठेवतात, दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून. मॅडमना मी विचारलं, शाहीनचं आता काय? त्या म्हणाल्या, "दुःख आणि भीती एक नाही. दुःख होऊ दे तिला."

मी भोरला गेले. घर माणसांनी भरलेलं. शाहीन आतल्या खोलीत फुफीजवळ बसली होती. रडून डोळे सुजलेले. फुफीने तिचा हात मांडीवर घेतला होता आणि ती हलक्या आवाजात म्हणत होती, "हे असं एकाच हातात बरं दिसत न्हाई, बेटा. काढून ठिवू. न्हाईतर दुसऱ्या हातात मी भरते. मला बी येतं."

शाहीनने हात काढून घेतला.

"नको."

 मोठ्यांच्या देखत ती इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती.

"मी अम्मीला अजून सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

फुफीने दाराकडे बघितलं. जलीलभाई तिथे उभे होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आपा."

मी निघाले तेव्हा दुकानाच्या खोलीतून आले. पेटी कोपऱ्यात होती. कुणीतरी वरचा कप्पा अर्धा उघडा ठेवला होता. हिरव्या बांगड्या तशाच दोऱ्यात बांधलेल्या होत्या. गाठ भाभीच्या हाताची होती, एका ओढीत सुटेल अशी. शाहीनचा उजवा हात भरायचा राहिला आहे.